जुनं १५ एचपी टू-स्ट्रोक आउटबोर्ड: कॉम्प्रेशन १२० आणि १०५, घ्यावं का?

सुकाणू१४:

१४ फुटी फायबर बोटीसाठी जुनं इंजिन बघतोय. एक सापडलंय: १५ एचपी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, कार्बोरेटरवालं, दोरीने चालू होणारं, टिलर हँडल (हाताने धरून वळवायचा दांडा). वय पंधरा वर्षांच्या पुढे, वापर बराचसा खाऱ्या पाण्यात. मालकाने पिंपात उभं करून चालू करून दाखवलं. दुसऱ्या ओढीला लागलं, मागून पाण्याची धार चांगली येत होती, आवाजही एकसारखा.

गेज लावून कॉम्प्रेशन घेतलं. वरचा सिलिंडर १२० पीएसआय, खालचा १०५. इंजिन थंड होतं. कव्हर काढल्यावर सिलिंडर हेडच्या एका कोपऱ्यात रंगाला बारीक फोड आलेले दिसले. खालच्या युनिटला मात्र ताजा काळा रंग मारलाय आणि गंज स्वतःवर ओढून घेणारे झिंकचे अ‍ॅनोड कोरे करकरीत आहेत.

पुन्हा बघायला तासभर मिळणार आहे, आणि माझ्या बोटीवर लावून पाण्यावर फिरवून बघायलाही मालक तयार आहे. तर त्या तासात काय काय उघडून बघू आणि कोणत्या क्रमाने? १२० आणि १०५ मधला फरक चालण्यासारखा आहे का? आणि काय दिसलं तर सरळ मागे फिरायचं?

गिअरऑइल:

कॉम्प्रेशनपासून सुरुवात केलीत, बहुतेक सगळे तिथूनच करतात. पण आउटबोर्ड झिजून जेवढी मरतात त्याहून जास्त पाण्याने मरतात. पाणी नको तिथे शिरतं किंवा हवं तिथे पोचत नाही. म्हणून तासाभरातली पहिली पंधरा मिनिटं खालच्या युनिटला द्या, तीही इंजिन चालू करण्याच्या आधी.

इंजिन आदल्या रात्रीपासून उभं असेल तर उत्तम. पाणी ऑइलपेक्षा जड, ते रात्रभरात तळाशी बसतं. खाली पांढरा ट्रे ठेवा. गिअरकेसला, म्हणजे खालच्या गिअरच्या डब्याला, दोन स्क्रू असतात, एक टॉर्पेडोच्या (पंख्यापुढच्या फुगीर भागाच्या) तळाशी आणि एक वर, कॅव्हिटेशन प्लेटच्या (पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या) खाली. वरच्याला हात लावू नका. रुंद पात्याचा स्क्रू ड्रायव्हर लावून फक्त खालचा अर्धा-पाऊण आटा सैल करा आणि पहिले आठ-दहा थेंब बघा. वरचा बंद असल्यामुळे ते हळूहळू येतात, आणि तेवढ्यातच कळतं. आधी स्वच्छ पाणी आलं आणि मग ऑइल, म्हणजे सील गेलेत. दुधाच्या चहासारखं आलं तर पाणी गिअरबरोबर घुसळलं गेलंय, म्हणजे त्या अवस्थेत इंजिन चालवलंही आहे. काळपट पण पारदर्शक आलं तर ऑइल नुसतं जुनं आहे, काळजी नको. काळं आणि जळका वास असेल तर बेअरिंग तापलेत.

मग वरचा स्क्रू उघडून सगळं काढा. १५ एचपीमध्ये मॉडेलप्रमाणे साधारण २०० ते ४०० मिली निघतं. खालच्या स्क्रूला बहुधा लोहचुंबक असतो. त्यावरचा राखाडी लगदा बोटावर चोळल्यावर लोण्यासारखा लागला तर ती नेहमीची झीज. नखात पकडता येईल असा कपचा किंवा सुईसारखा तुकडा निघाला तर गिअरचा दात नाहीतर क्लच डॉगची (गिअर गुंतवणाऱ्या दातेरी तुकड्याची) कड तुटलीय.

एक सावधगिरी. जुन्या जॉन्सन आणि एविनरूडच्या काही मॉडेलांत खालच्या स्क्रूजवळच फिलिप्स डोक्याचा आणखी एक स्क्रू असतो. तो ऑइलचा नाही, शिफ्टच्या काट्याची पिन आहे. तो काढलात तर आतली जोडणी निसटते आणि अख्खा डबा उघडावा लागतो. दुसऱ्याचं इंजिन असताना तर नकोच.

भरताना खालून भरायचं, पंपाने किंवा ट्यूब दाबून, वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय ऑइल येईपर्यंत. आधी वरचा स्क्रू लावायचा, मग नळी काढून झटकन खालचा. दोन्हींचे वॉशर नवे. जुने वॉशर परत वापरल्यानेच पाणी शिरलं अशीही इंजिनं असतात, म्हणून दूध दिसलं की लगेच सीलवर खापर फोडू नका.

आणि ऑइल मधासारखं नवं कोरं निघालं तर? त्यातून काहीच कळत नाही. विकणाऱ्याने काल बदललं असेल. मग पाण्यावर अर्धा तास पळवून आणल्यावर पुन्हा ते आठ-दहा थेंब बघायचे. गळका सील असेल तर नवं ऑइलही तेवढ्यात धुरकट दिसू लागतं.

दोनस्ट्रोकवाला:

कॉम्प्रेशनचं बघू. १२० वर १०५ म्हणजे साडेबारा टक्के फरक. दहा टक्क्यांच्या आत असेल तर मी पुढे विचारत नाही, पंधराच्या वर गेलं तर इंजिन उघडायचं ठरलंच. तुमचं मधल्या पट्टीत आहे. म्हणून आधी माप नीट घेतलं होतं का ते ठरवा.

दोन्ही प्लग काढलेले हवेत, एक नाही. थ्रॉटल पूर्ण उघडा. बहुतेक जण इथेच चुकतात. थ्रॉटल बंद असेल तर सिलिंडरला श्वासच मिळत नाही आणि आकडे खोटे कमी येतात. टिलरवाल्या बऱ्याच इंजिनांत न्यूट्रलमध्ये थ्रॉटल पूर्ण फिरत नाही, तेव्हा कार्बोरेटरवरची लिव्हर हातानेच दाबून धरावी लागते. किल स्विचची दोरी काढा आणि दोन्ही प्लगच्या वायरी ब्लॉकला अर्थ करा. वायर उघडी लोंबत ठेवून ओढलंत तर स्पार्कला वाट मिळत नाही आणि सीडीआय (स्पार्क देणारं इलेक्ट्रॉनिक) युनिट जाऊ शकतं. मग सुई वर चढायची थांबेपर्यंत दोरी ओढा, पाच-सहा ओढी, दोन्ही सिलिंडरना सारख्याच. गेज आट्यांचं घ्या. रबरी टोकाचं हाताने दाबून धरायचं गेज असेल तर पाच-दहा पीएसआय हातातच गळतात. इंजिन कोमट असताना माप पुन्हा घ्या.

तरीही खालचा कमीच आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे ५ मिली, टू-स्ट्रोक ऑइल टाका. दोन ओढी मारून ते पसरू द्या आणि परत मोजा. आकडा चांगला उचलला तर गळती रिंगांकडे आहे. जागचा हलला नाही तर हेड गॅस्केट संशयात. दोन्ही सिलिंडर सारखेच कमी असते तर मी गेजलाच दोष दिला असता. सगळ्या टू-स्ट्रोकना लागू पडेल असा एकच आकडा नसतो. ९० ते १३० मध्ये चांगली चालणारी इंजिनं असतात, काही मॉडेलांत दोरी ओढायला सोपी जावी म्हणून कॉम्प्रेशन मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. म्हणून दोन सिलिंडरमधला फरक बघायचा.

रिंगा झिजल्या असतील असंच नाही, कधीकधी त्या कार्बनने खाचेत चिकटून बसतात. इंजिन वर्षानुवर्षं फक्त हळू चालवलं असेल, गळ ओढत फिरण्यासाठी, तर हे हमखास. डीकार्ब स्प्रे गरम इंजिनात मारून, रात्रभर ठेवून, मग पाण्यावर जोरात पळवलं की रिंगा सुटतात आणि कॉम्प्रेशन चढतं. अर्थात हे विकणाऱ्याने करून दाखवावं. "रिंगा सुटतील" या आशेवर पैसे देऊ नका.

प्लग काढलेच आहेत तर वाचा. फिकट तपकिरी, थोडा तेलकट, हा टू-स्ट्रोकचा तब्येतीचा रंग. एक तपकिरी आणि दुसरा धुऊन काढल्यासारखा लख्ख असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय, वाफेने प्लग साफ झालाय. चिनी मातीवर बारीक चंदेरी ठिपके दिसले तर ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे, वितळून तिथे चिकटलेलं. त्यानंतर बाकी काही बघायची गरज नाही. दोन्ही प्लग नवे कोरे असतील तर जुने मागा, पुष्कळदा टूलबॉक्समध्येच पडलेले असतात.

मोबाइलला जोडायचा बोरोस्कोप (भोकातून आत घालायचा बारीक कॅमेरा) असेल तर एक्झॉस्ट पोर्टच्या बाजूची भिंत बघा. बारीक तिरप्या रेघांची जाळी म्हणजे मूळ होनिंग, छान. उभे ओरखडे दिसले आणि त्यांची कड जाणवण्याइतकी खोल असली तर इंजिन एकदा तापून चिकटलंय.

वल्हं आणि पाना:

पिंपातली चाचणी मी अर्धीच धरतो. पिंपात इंजिनवर भार नसतो, आणि एक्झॉस्टचे बुडबुडे पाण्यात मिसळून पंपाच्या तोंडाशी हवा येते. पाणी कॅव्हिटेशन प्लेटच्या वर चार बोटं तरी होतं ना? कमी असेल तर बऱ्याच लहान इंजिनांत पंप पाण्याच्या रेषेच्या वर राहतो आणि इम्पेलर (पंपातलं रबरी पात्यांचं चक्र) कोरडा घासतो. कोरडं इंजिन "फक्त दहा सेकंद" चालू करणाऱ्याकडूनही घेऊ नका, त्याने ते याआधीही केलेलं असतं.

धार येते याचा अर्थ पंप पाणी उचलतोय, एवढाच. ब्लॉकच्या भोवतालच्या वाटा मिठाने बुजल्या असल्या तरी धार येऊ शकते. तुमच्या रंगाच्या फोडांमुळे मला तीच शंका आहे. त्यासाठी लांबून तापमान मोजायचा इन्फ्रारेड थर्मामीटर न्या. चकचकीत धातूवर तो खोटं वाचतो, म्हणून हेडवर दोन्ही सिलिंडरपाशी काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि टेपवर नेम धरा. दहा मिनिटं आयडलवर चालू द्या. थर्मोस्टॅट मॉडेलप्रमाणे साधारण ५० ते ६० अंशांच्या दरम्यान उघडतो. त्यानंतर हेड ५५ ते ७० च्या आसपास स्थिर राहायला हवं. आकडा चढतच राहिला आणि ८५ ओलांडू लागला तर बंद करा. वरच्या-खालच्या सिलिंडरमध्ये पंधरा-वीस अंशांचा फरक असेल तर एका बाजूची वाट बंद आहे.

उलटंही होतं. तापमान तिसाच्या घरातच राहिलं तर थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो. इंजिन तापतंय म्हणून कुणीतरी दुखणं असं झाकलेलं असतं. थर्मोस्टॅटच्या झाकणाचे बोल्ट सुटत असतील तर उघडून बघाच. आत मिठाचा खडा जमलेला दिसला तर ब्लॉकच्या आतही तेच आहे.

आता नव्या रंगाबद्दल. फक्त खालच्या युनिटला नवा रंग, म्हणजे तिथे काहीतरी होतं. स्केगची (पंख्याखालच्या उभ्या पात्याची) कड बोटाने चाचपा, वेल्ड करून वाढवलेला स्केग जाडीला कमीजास्त लागतो. नाण्याची कड हलकेच टेकवून रंगाखाली एपॉक्सी आहे का बघा, तो धातूपेक्षा मऊ असतो आणि ओरखडा पांढरट निघतो. बोल्टच्या डोक्यांवरही रंग चढला असेल तर रंगवताना काहीच उघडलं नव्हतं. अ‍ॅनोडवर रंग असेल तर तो नसल्यातच जमा. आणि कोरे अ‍ॅनोड ही खूण चांगलीच असते असं नाही. अर्धवट खाल्लेला अ‍ॅनोड मला जास्त आवडतो, त्याने आपलं काम केलंय. कोरा अ‍ॅनोड आणि शेजारचं अ‍ॅल्युमिनियम खड्ड्याखड्ड्यांचं असेल तर मधली वर्षं तिथे अ‍ॅनोडच नव्हता.

आणि ही परीक्षा विसरू नका: खालचं युनिट मिडसेक्शनला (मधल्या भागाला) चार ते सहा बोल्टनी धरलेलं असतं. एखादा ट्रिम टॅबच्या (पंख्यावरच्या छोट्या पात्याच्या) खाली लपलेला असतो. मालकाला सांगा, प्रत्येक बोल्ट तुम्हीच एक आटा सैल करून दाखवा आणि परत कसा. खाऱ्या पाण्यात स्टीलचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये असा धरतो की जोर केला की डोकं तुटतं. बोल्ट सुटत नसतील तर इम्पेलर बदलता येत नाही, आणि इम्पेलर तर घेतल्या घेतल्या बदलायचाच आहे, तो कितीही नवा सांगितला तरी. त्याची रबरी पाती एकाच बाजूला वाकून कडक होतात, तुटली तर तुकडे वरच्या वाटेत जाऊन अडकतात. बोल्ट सुटत नाहीत असं इंजिन मी फुकटही घेणार नाही, कारण मोडलेले बोल्ट ड्रिलने काढून नवे आटे पाडायचे काम इंजिनपेक्षा महाग पडतं.

शाफ्टची लांबी तुम्ही लिहिलीच नाही. क्लॅम्प बोटीच्या मागच्या फळीच्या वरच्या कडेवर बसतो तिथपासून कॅव्हिटेशन प्लेटपर्यंत मोजा. शॉर्ट सुमारे १५ इंच, लाँग २० इंच. तुमच्या बोटीच्या मागच्या फळीची उंचीही मोजा. प्लेट बोटीच्या तळाशी समपातळीत किंवा इंचभर खाली यायला हवी. फळी १५ इंचांची आणि शाफ्ट २० चा असेल तर पाणी उडतं, बोट जड चालते. उलट असेल तर पंखा हवा खातो. यात तडजोड नाही.

भरतीओहोटी:

वरच्यांनी बंद इंजिनाचं सांगितलंय, मी पाण्यावरचं सांगतो.

पोचल्याबरोबर ब्लॉकला हात लावा. कोमट असेल तर तुमच्यासाठी आधीच गरम करून ठेवलंय, थंड होईपर्यंत थांबा. थंड इंजिन चोक लावून तीन-चार ओढींत लागलं पाहिजे. पहिला मिनिटभर निळसर धूर टू-स्ट्रोकला माफ आहे. चोक काढला की मरतं आणि अर्ध्या चोकवरच चालतं, तर कार्बोरेटरचा पायलट जेट (हळू चालताना पेट्रोल देणारं बारीक भोक) चिकट पेट्रोलने बुजलाय. ते काम अर्ध्या दिवसाचं, भाव कमी करायला उपयोगी, सौदा मोडायला नाही.

पेट्रोलची टाकी आणि नळी स्वतःची न्या, ताज्या मिश्रणाची. इंजिनावर ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली ऑइल, २५:१ असेल तर ४० मिली, आणि ऑइल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचं). नळीच्या टोकाचा कनेक्टर कंपनीगणिक वेगळा असतो, तो आधी विचारून घ्या. हातपंपाचा रबरी गोळा दाबल्यावर घट्ट व्हायला हवा. चालताना इंजिन ढेपाळलं आणि गोळा दाबल्यावर सावरलं तर फ्युएल पंपाचा पडदा गेलाय किंवा कुठे हवा घेतंय. गोळा आत ओढून चपटा होत असेल तर टाकीचं हवेचं भोक बंद आहे.

बोटीवर दहा मिनिटं हळू, मग पूर्ण थ्रॉटल. प्लगच्या वायरला गुंडाळायचा टॅकोमीटर स्वस्तात मिळतो, लावा. कंपनीने दिलेली पूर्ण थ्रॉटलची मर्यादा बघा, या वर्गात ती बहुधा ५००० ते ६००० च्या आसपास असते. तिथे पोचत नसेल तर लगेच इंजिनाला नावं ठेवू नका. पंख्याची पिच (एका फेरीत पुढे जायचं अंतर) एक इंचाने बदलली तर दीड-दोनशे आरपीएमचा फरक पडतो, बोट जड असेल तरी पडतो. पण ३५००-४००० वर अडकून एका सिलिंडरवर चालल्यासारखा फडफड आवाज आला तर एक सिलिंडर भाराखाली स्पार्क सोडतोय. स्पार्क टेस्टर लावा, ११ मिलिमीटरचं अंतर निळ्या ठिणगीने ओलांडायला हवं. गरम झाल्यावरच स्पार्क जात असेल तर कॉइल, ट्रिगर (स्पार्कची वेळ देणारा भाग) किंवा सीडीआय. जुन्या मॉडेलचा हा भाग मिळतो का, हे भाव ठरवायच्या आधी शोधून ठेवा.

इंजिनाचे आरपीएम चढतात पण बोट पुढे जात नाही, तेव्हा पंख्याच्या आतला रबरी हब निसटतोय. हब आणि पंख्यावर एकच सरळ रेघ मार्करने मारून ठेवा, फेरी मारून आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर खात्री झाली. पंखा बदलला की भागतं. पण पूर्ण थ्रॉटलवर कट्-कट् करत गिअरच सुटून परत लागत असेल तर क्लच डॉगच्या कडा गोल झाल्यात. ते काम खालचा डबा पूर्ण उघडल्याशिवाय होत नाही. रिव्हर्समध्येही भार देऊन बघा, ते सगळे विसरतात. रिव्हर्सच्या वेळी इंजिन वर उचललं जाऊ नये, नाहीतर रिव्हर्स लॉक गेलाय.

शेवटी नंबर. ब्रॅकेटवरच्या पट्टीचा आणि ब्लॉकच्या गोल धातूच्या चकतीवरचा, जिथे असतो तिथे, एकच हवा. पट्टी खरवडलेली असेल किंवा रिव्हेट नवे असतील तर इंजिन कितीही गोड चालो, नको.

सुकाणू१४:

सगळ्यांचे आभार. यादी घेऊन गेलो होतो, जे निघालं ते असं.

पहिल्या वेळी थ्रॉटल बंद होतं, चूक माझीच. आता कोमट इंजिन, थ्रॉटल पूर्ण उघडं: १२६ आणि ११६. ऑइल टाकल्यावर खालचा १२४. प्लग दोन्ही तपकिरी. टेपवर तापमान वर ५८, खाली ६३, वीस मिनिटं स्थिर. बोल्ट सगळे सुटले, ट्रिम टॅबखालचा जरा रडला. शाफ्ट २० इंच, माझी फळी साडेएकोणीस. पाण्यावर ५२०० आरपीएम, मी आणि मालक दोघे बसलेले. गिअर सुटत नाही. नंबर जुळतात.

पण गिअर ऑइल: आधी अर्धा चमचा पाणी, मग चहा. चुंबकावर लगदाच, कपचे नाहीत. पंखा काढला तर थ्रस्ट वॉशरच्या मागे तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा धागा) गुंडाळलेला निघाला, चांगला हातभर. मालक म्हणतो दोन सील टाकले की झालं, तेवढे पैसे कमी करतो. तेवढ्यावर घ्यावं का?

गिअरऑइल:

तंगूस सापडला म्हणजे कारण सापडलं. पंखा फिरताना तो सीलच्या ओठाखाली कापत जातो. बाकी आकडे चांगले आहेत, इंजिन घेण्यासारखं आहे. पण "दोन सील" या हिशेबाने नाही.

आधी हे करून बघा. प्लगच्या वायरी काढून ठेवा, मगच पंख्याला हात लावा. न्यूट्रलमध्ये प्रोपेलर शाफ्ट दोन बोटांनी अगदी सावकाश फिरवा. लोण्यात फिरल्यासारखा वाटला तर ठीक. वाळू अडकल्यासारखी किरकिर लागली तर पाणी बरेच दिवस आत होतं आणि बेअरिंगवर गंजाचे खड्डे पडलेत. मग शाफ्ट वर-खाली हलवून बघा. पुढे-मागे थोडा खेळ असतोच, पण वर-खाली जाणवेल इतका नसावा.

सील काढल्यावर शाफ्टवर जिथे सीलचा ओठ घासतो तिथे नख आडवं ओढा. नख अडकलं तर खाच पडलीय, त्यावर नवा सील लावला तरी महिन्याभरात परत दूध. सील थोडा मागेपुढे बसवून नव्या जागी ओठ आणता येतो, जागा असेल तर. नाहीतर शाफ्ट बदला. सील बहुतेक मॉडेलांत दोन असतात, एक ऑइल आत धरतो आणि एक पाणी बाहेर. कुठला कुठल्या दिशेने ते काढायच्या आधी फोटो काढून ठेवा.

त्यामुळे भाव ठरवताना डबा पूर्ण उघडायचा धरा: प्रोपेलर शाफ्टचे सील, ड्राइव्ह शाफ्टचे सील, शिफ्ट रॉडचा सील, बेअरिंग कॅरिअरचा (प्रोपेलर शाफ्टचं बेअरिंग धरणाऱ्या भागाचा) ओ-रिंग, शिवाय इम्पेलर किट आणि थर्मोस्टॅट. खाऱ्या पाण्यातला कॅरिअर सहसा पुलर आणि उष्णता लावल्याशिवाय निघत नाही, मजुरी तिथे जाते. जोडल्यावर ऑइल भरायच्या आधी डब्यात दहा-बारा पीएसआय हवा भरून पाच मिनिटं सुई बघायची, शाफ्ट फिरवत. सुई खाली आली तर साबणाच्या पाण्याने भोक शोधायचं. आधी पाच तास चालवून ऑइल बघा, मग वीस तासांनी.

दोनस्ट्रोकवाला:

८ टक्क्यांवर आलं, आता माझी तक्रार नाही. ऑइल टाकल्यावर आठ पीएसआय चढले म्हणजे खालच्या रिंगा थोड्या सुस्त आहेत. घेतल्यावर डीकार्ब करा, निम्मा फरक तिथेच जाईल. रंगाच्या फोडांचं काय? तापमान सरळ आहे, म्हणजे इंजिन कधीतरी तापलं होतं आणि नंतर कुणीतरी कूलिंग दुरुस्त केलं. हेड गॅस्केटच्या कडेला पाण्याचे पांढरे ओघळ नाहीत ना, तेवढं बघा.

सुकाणू१४:

ओघळ नाहीत. शाफ्ट गुळगुळीत फिरला, वर-खाली खेळ नाही. पूर्ण डब्याच्या हिशेबाने बोललो, मालक थोडं कुरकुरला आणि तयार झाला. एकच विचारायचं राहिलं: इंजिन गाडीत आडवं घालून आणलं तर चालेल ना?

वल्हं आणि पाना:

टू-स्ट्रोक आहे, कुठल्याही कुशीवर चालेल. फोर-स्ट्रोक असतं तर इंजिनावर खूण केलेल्या बाजूवरच ठेवावं लागलं असतं, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. पण आधी दहा मिनिटं उभं ठेवून पाणी पूर्ण निथळू द्या, कार्बोरेटरचं पेट्रोल काढून टाका, आणि गाडीत खालचं युनिट डोक्यापेक्षा वर येऊ देऊ नका. एक्झॉस्टमध्ये उरलेलं खारं पाणी तसंच उलटं सिलिंडरमध्ये जातं.